माझी खरी पोझिशन

३ एप्रिल, सकाळी
ईद झाली. शीरखुर्मा बास. आजपासून रोज पळायचं.
सीझनच्या दोनच मॅच उरल्यात आणि आमचा सातारचा क्लब तळाला. खालच्या लीगमध्ये घसरलो तर टीम बंद, असं मालक सगळ्यांसमोर बोललेत. पोरं टेन्शनमध्ये. मी नाही. म्हणजे आहे, पण दाखवत नाही.
संकल्प : आमचे कोच कृष्णात सरांना स्पष्ट सांगायचं. मी मुळात दहा नंबरचा प्लेयर. गोल तयार करून देणारा. इतकी वर्षं त्यांनी मला राइट बॅक, लेफ्ट बॅक, स्टॉपर, सगळीकडं खेळवलं. एकदा तर गोलकीपर. याला युटिलिटी प्लेयर म्हणतात. म्हणजे माझ्याशिवाय टीमचं पान हलत नाही.
अर्फाला हे नीट समजावलं. तिनं विचारलं, मग तुमाला बेंचवर का बसवत्यात?
बायकोला फुटबॉल समजावणं अवघड.

५ एप्रिल
पळालो नाही. गुडघा.

९ एप्रिल
आमचा सध्याचा दहा नंबर म्हणजे साईराज. कोयनानगरचा, वय एकवीस. आज प्रॅक्टिसला त्याला पास कधी सोडायचा ते सांगितलं. "व्हय अश्फाकभाई," म्हणाला आणि ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला. विचार करायला गेला असणार.
मग सरांकडं गेलो. सर आर्मीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांच्यासमोर माझे पाय आपोआप जुळतात. म्हणालो, सर, माझी पोझिशन... ते म्हणाले, "बरं झालं आलास. शंभूराजचा घोटा सुजलाय. लेफ्ट बॅक खेळ."
येस सर म्हणालो. वेळ योग्य नव्हती.

१३ एप्रिल
जिंकलो! साईराजचा गोल. त्याच्या आधी पाचसहा पास मागं बॉल माझ्याकडं होता, हे कुणी लक्षात घेत नाही.
आता शेवटची मॅच, सांगलीत. ड्रॉ झाली तरी वाचतो.
बातमी : शेवटच्या मॅचला पुण्याच्या मोठ्या क्लबचा स्काउट येतोय, म्हणजे प्लेयर हेरणारा माणूस. साईराजला बघायला, असं पोरं म्हणतात. पोरांना काय कळतंय. स्काउट अनुभव बघतो.

१९ एप्रिल
आष्ट्याहून अम्मीचा फोन. सांगली जवळच हाय, मॅच बघाया येऊ का? ऊन लय हाय म्हणून नको म्हणालो. मागच्या वेळी तिनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, बाकीची पळत हुती तवा तू उभा का हुतास?
झोप नाही. बूट तीनदा पुसले. धूळ लय.

२० एप्रिल, दुपारी, सांगली
ड्रेसिंग रूम. आमचा कीपर ज्योतिबा ग्लोव्ह्ज घालतोय, काढतोय, परत घालतोय. सरांनी मला बाजूला घेतलं. "अश्फाक, त्यांचा सात नंबर तुझा. हाफलाइन ओलांडायची न्हाई. कळलं?"
कळलं म्हणालो.
स्टँडमध्ये पांढऱ्या टोपीचा माणूस बसलाय. हातात वही. ग्राउंडकडं बारीक नजरेनं बघतोय. तोच.

२० एप्रिल, संध्याकाळी, बसमध्ये
नीट लिहितो, नंतर लोक काहीही सांगतील.
शेवटची काही मिनिटं. शून्य-शून्य. सात नंबर माझ्या खिशात होता. आमचे बदली प्लेयर वापरून संपलेले. बॉल माझ्याकडं आला, समोर मोकळं रान, आणि टोपीवाला उठून उभा राहिला. माझ्यासाठीच! मी निघालो. हाफलाइन ओलांडली. बाहेरनं सर ओरडत होते. मला वाटलं, प्रोत्साहन.
एकाला चकवलं. दुसऱ्यानं बॉल काढला.
वळून बघितलं तर सात नंबर माझ्या मोकळ्या जागेतनं सुसाट सुटलेला. ज्योतिबा पुढं आला, चकला आणि त्यानं मागनं सात नंबरचा शर्टच धरला. रेड कार्ड. पेनल्टी.
कीपर कोण? सगळे माझ्याकडं बघायला लागले. ज्योतिबानं ग्लोव्ह्ज माझ्या हातात ठेवले. डोळ्यांत पाणी होतं. ग्लोव्ह्ज ओले होते.
एवढा मोठा गोलपोस्ट मी कधी बघितला नव्हता. अल्लाचं नाव घेतलं आणि उजवीकडं उडी मारली. बॉल सरळ मधोमध आला, मागं राहिलेल्या माझ्या पायाला लागून बाहेर गेला.
शिट्टी. वाचलो!
मला वाटलं, खांद्यावर घेतील. सगळे ज्योतिबाला मिठी मारायला गेले. त्याला धीराची गरज होती, ते बरोबरच आहे.
मी टोपीवाल्याकडं गेलो. कसं वाटलं, विचारलं. तो म्हणाला, "ग्राउंड बेस हाय. पर स्टेज कुठं बसवावा, त्येच कळंना." मंडपवाला निघाला. रविवारी इथं सामुदायिक विवाह आहे. खुर्च्या उतरवायला माणसं मिळतील का, असं त्यानंच मला विचारलं.
स्काउट आलाच नाही म्हणे.
बसमध्ये माझ्या शेजारची सीट मोकळी आहे. पाय पसरता येतात.

२२ एप्रिल
ज्योतिबाला फोन केला. उचलला नाही. रेंज नसेल.
अर्फाला पेनल्टी परत सांगितली. तिनं शांतपणे विचारलं, पर पेनल्टी झालीच कशी?
पाणी प्यायला उठलो.

१० जून, संध्याकाळी
नव्या सीझनची पहिली प्रॅक्टिस. ज्योतिबा भेटला. "आलास व्हय," एवढंच म्हणाला, पण म्हणाला.
सरांनी मला बोलावलं. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "तुला लय वर्सं हिकडं तिकडं फिरवला गड्या. माझी बी चूकच. त्या दिवशी घोळ तूच केलास, पर निस्तरलास बी तूच. यंदा तुझी जागा तू सांग. म्हणशील तिथं खेळवतो."
एवढी वर्षं याचीच वाट बघत होतो. तोंड उघडलं. दहा नंबरवर साईराज उभा होता, बॉल पायाला चिकटल्यासारखा. लेफ्टला शंभूराज, घोटा बरा झालेला. राइटला नवीन पोरगा. स्टॉपर. कीपर. एकेक जागा बघत गेलो. सगळीकडं खेळलोय. कुठल्याच जागेला माझी म्हणता येईना.
सरांनी घाई केली नाही.
"सर, तुमी म्हणाल तिथं."
त्यांनी बेंचवरची बॅग बाजूला सरकवली. मग म्हणाले, "बरं. तवर बस."
बसलो.