पुडीचा अर्धा कागद

बाई, मी पुस्तक वाचलं. अख्खं. पहिल्या पानापासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत, मधलं एकही पान न सोडता. तुम्ही असतात तर आधी विश्वासच बसला नसता तुमचा, मग विचारलं असतं, “कुठलं गं?” आणि तिथंच माझी पंचाईत आहे. कारण पुस्तक तुमच्या खुनाचं आहे. म्हणजे तुमचं नाही, ज्यानं तुम्हाला मारलं त्याचं. माझी नात कॉलेजच्या लायब्ररीतून घेऊन आली. पाठीमागे लपवून म्हणते कशी, “आजी, यात तुझ्या बाई आहेत. पण रडणार असशील तर देत नाही.” मी म्हटलं, आण इकडे, मला कोण शिकवतंय रडायचं ते. रोज दुपारी खिडकीत बसायचं, ओळीखाली बोट धरायचं, ओठ हलवत वाचायचं. नात हसते. हसू दे. तिला काय माहीत, आम्ही कशावर वाचायला शिकलो ते.

आम्ही पुड्यांवर शिकलो. घाटकोपरच्या डोंगरावर, गणपती मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत, दुपारची भांडी झाली की आणि नळाला पाणी यायच्या आधी. तुम्ही खाली स्टेशनजवळच्या बिल्डिंगीतून डोंगर चढून यायचात, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि ती पेन्सिल वर्गभर शोधायचात. पाटी नको, पुस्तक नको, म्हणालात, ज्या कागदात वाण्यानं जिन्नस बांधून दिलाय तो कागद घेऊन या. मग कुणाचा कागद हिंगाचा, कुणाचा गुळानं चिकट, शेजारची काकी तर सुक्या जवळ्याचा घेऊन यायची आणि सगळ्या नाकाला पदर लावून तिचं वाचन ऐकायच्या. आता सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत येतं बाई, वाचायला काही उरलंच नाही.

त्या दिवशीचा माझा कागद आठवतो ना तुम्हाला? शेंगदाण्याचा होता. बांधाच्या भांडणावरून एकानं सख्ख्या भावावर कोयता चालवला, आणि पोलिसांनी त्याला विचारलं तेव्हा तो, आणि कागद फाटला. मी वाचून दाखवलं आणि वर म्हटलं, “फाशी द्या मेल्याला.” तुम्ही विचारता, “पुढचं वाचलंस?” मी म्हणते, “पुढचं कुठं बाई, पुढच्यात दुसऱ्या कुणाचे तरी दाणे गेले.” सगळ्या हसल्या, तुम्ही पण हसलात, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणालात, “मग अर्ध्या कागदावर माणसाला लटकवू नकोस.” मला इतकं लागलं. चार बायकांत म्हणालात ना. दुसऱ्या दिवशी उठून गेले वाण्याकडे, म्हटलं, कालच्या कागदाचा दुसरा तुकडा द्या. तो हात जोडतो, “मावशी, तुमको दाल मंगता है का बातमी?” तरी बिचाऱ्यानं रद्दीचा गठ्ठा पुढ्यात टाकला. मी उकिडवी बसून शोधला, फाटकी कड जुळली तो तुकडा घेऊन विजयी मुद्रेनं वर्गात आले आणि दोन्ही जोडून मोठ्यानं वाचलं, की त्यानं भावावर कोयता चालवला, आणि पोलिसांनी त्याला विचारलं तेव्हा तो टाळ्यांच्या गजरात फीत कापून नवीन शाखेचं उद्घाटन करता झाला. बाई, तुम्ही हसून हसून भिंतीला टेकलात. डोळे पुसताना पेन्सिल अंबाड्यातून पडली. तुमचं ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि जेव्हा येत नाही तेव्हा मी मुद्दाम तो कागद मनात वाचते.

पुस्तकात लिहिलंय, शिस्तप्रिय, एकाकी शिक्षिका. शिस्तप्रिय कोण, तुम्ही? दूध उतू घालवल्याशिवाय एक दिवस गेला नाही तुमच्या ओट्यावर. आणि एकाकी म्हणे. तुमच्या दारात आमच्या चपला मावायच्या नाहीत. रविवारी मी खाली उतरून तुम्हाला घावणे शिकवायचे, तुमचा एक तरी घावणा तव्यावरून अख्खा निघाला का सांगा. मी म्हणायचे, बाई, तुम्ही मला क ला काना का शिकवा, तवा माझ्याकडे ठेवा.

तो, पुस्तकातला, तेव्हा तुमच्या मागच्या खोलीत भाडेकरू होता. गिरण्यांचा संप लांबलेला, त्याची गिरणी बंद, बायको गावी. एकदा मी घावणे काढत होते आणि तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा. मान खाली. तुम्ही म्हणालात, “त्याला वाढ आधी.” मी वाढलं. त्यानं नारळाच्या रसात बुडवून खाल्लं आणि म्हणाला, “आईच्या हातचं लागतंय.” त्याच माणसानं पुढे तुमच्या पाटल्यांसाठी तुमचा गळा दाबला. त्या दुपारी आम्ही वर मंडळाच्या खोलीत पुड्या मांडीवर घेऊन तुमची वाट बघतोय, काकी म्हणते, “बाईंची पेन्सिल आज घरातच हरवली वाटतं.” मग खालून कुणीतरी सांगत आलं.

आता पुस्तकाचं सांगते. लेखक हुशार आहे, खोटं कशाला बोलू. त्यानं त्या माणसाची आई लिहिली, गावचा वहाळ, त्याचं पाणी लिहिलं, संपात घरातली भांडी कशी एकेक करून गेली ते लिहिलं. त्याचं पोर तापात गेलं, आणि तो पोचेपर्यंत माती झाली होती, तिथं मी रडले. नातीनं पाहिलंसुद्धा. मग पान उलटलं आणि तुम्ही आलात. तुम्ही दार उघडलंत, आणि पुढच्या पानावर तुम्ही नव्हतात. तो होता. त्याची कोठडी, त्याचा पश्चात्ताप, त्यानं तुरुंगात लावलेलं पेरूचं झाड. मला वाटलं दोन पानं चिकटली असतील, अंगठा ओला करून परत परत पाहिलं. नव्हती चिकटली. तेवढंच होतं तुमचं.

मला राग आला. आमचे हे पण त्याच संपावर होते ना. आमच्या घरातली पण भांडी गेली. ह्यांनी एकदा रेडिओ आपटला, आणि मग गल्लीच्या तोंडाशी भजी तळायला बसले. त्यांच्यावर कोण लिहितंय पुस्तक? पण राग धरावा तर तुमचाच आवाज येतो, अर्ध्या कागदावर लटकवू नकोस. मी म्हणते बाई, त्याचा कागद आता पुरा झाला, छान झाला. तुमचा फाडला त्याचं काय? तुमच्या फाटक्या कडेला लेखकानं त्याचं झाड आणून जोडलंय. मीही एकदा तसंच केलं होतं, पण तेव्हा तुम्ही हसायला होतात.

शेवटच्या पानावर आहे, की तो आता सुटलाय. म्हातारा झाला, गावी एकटा असतो. लेखकाला म्हणाला, बाईंचं कुणी असेल तर मला एकदा त्यांच्या पाया पडायचंय. आणि लेखकानं खाली लिहिलंय, बाईंच्या मागे कुणीच नव्हतं.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं बरोबर. वाचायला तुम्हीच शिकवलंत.

नात म्हणाली, “आजी, लिही त्याला. मागे पत्ता आहे. सांग की तू आहेस.” मी म्हटलं, हो तर, लिहिते. कागद घेतला, वर लिहिलं लेखकसाहेब, आणि दुसऱ्याच ओळीला बघते तर बाई, बाई करत तुमच्याशीच बोलत बसलेय. ते खोडलं आणि हे सुरू केलं. नातीनं आत्ताच डोकावून विचारलं, “झालं का गं? जाताना पोस्टात टाकते.” मी म्हटलं, अजून वेलांट्या बघायच्यात.

वेलांट्या कसल्या. तुम्हाला म्हणून सांगते. लेखकाला पत्र गेलं तर त्या माणसाला कळणार. मग तो येणार, डोंगर चढून, धापा टाकत, मान खाली घालून दाराशी उभा राहणार. आणि मला माझा स्वभाव माहीत आहे, तुम्हालाही. वीज कापायला आलेल्या माणसाला मी चहा पाजला होता, तुम्ही किती चिडवलं होतंत. त्याला बघितल्यावर मी तवा ठेवीन. नारळाचा रस काढीन. “बस” म्हणेन.

बाई, तेवढं मला अजून करायचं नाहीये.