दहा भोकांच्या बाजाविषयी मामांस

तीर्थस्वरूप ग्यानोबा मामांस,
ऋतुजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपणांस पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. माझ्या तेवीस वर्षांच्या आयुष्यात मी आपल्याशी एकूण अकरा वाक्ये बोलले आहे, आणि त्यांतली नऊ आपण विचारलेल्या सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची उत्तरे होती. (दोन चुकली. त्यांची खंत अजून आहे.) अशा मुलीने निवृत्त मुख्याध्यापकांना चार पानी पत्र लिहावे हे शोभत नाही, हे मी जाणते. आपला गुडघा आता कसा आहे? उदगीरला थंडी पडली असेल; मामींनी डिंकाचे लाडू केले असतील आणि साखर वाढल्यामुळे आपण ते नुसते पाहत असाल, अशी कल्पना करते. इकडे नांदेडला मी खुशाल आहे. अर्धापूरला आई आणि अप्पाही खुशाल आहेत, निदान परवा संध्याकाळपर्यंत होते.

आपल्या स्मरणात असेल, २०१८ साली मी दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा आपण मला एक शब्दकोश आणि एक माउथ ऑर्गन दिला होता. (तो आपण खरे तर शिवशंकरदादासाठी जत्रेतून आणला होता, त्याने तो दोन दिवस अखंड वाजवला आणि मामींनी तो तांदळाच्या डब्यात लपवला, हे मला ठाऊक आहे. त्यातून अजूनही क्वचित एखादा दाणा निघतो.) देताना आपण म्हणाला होता, "अभ्यासाचा शीण आला की वाजव." मी आज्ञाधारक मुलगी असल्यामुळे वाजवू लागले. शिकवणारे कोणी नव्हते, म्हणून दोनशे पानी वही केली. बाजाला दहा भोके. प्रत्येकात फुंकले की एक सूर, ओढले की दुसरा. मी त्यांचे तक्ते आखले आणि 'चार ओढ, पाच फुंक, पाच ओढ' असे पहाटे उठून पाठ केले. लातूरला अकरावी-बारावीची दोन वर्षे खोलीतल्या मुली मला भूगोल पाठ करणारी समजत होत्या.

पण खरे कारण निराळे आहे, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. पहिल्या येणाऱ्या मुलीला जिथे जावे तिथे 'दोन शब्द' बोलायला लावतात. मला परीक्षा चालते. दोन शब्द चालत नाहीत. माझे पाय गार पडतात आणि पुढच्या रांगेतल्या माणसाच्या चपलांखेरीज मला काही दिसत नाही. माउथ ऑर्गनचे मात्र असे की तोंड गुंतलेले, दोन्ही हात गुंतलेले आणि अर्धा चेहरा झाकलेला. अशा माणसाला कोणी काही विचारत नाही. भिडस्त माणसासाठी याहून सुरक्षित वाद्य मला तरी माहीत नाही.

नांदेडला वसतिगृहाच्या गच्चीवर मी कपडे वाळवण्याच्या निमित्ताने वाजवीत असे. शेजारच्या गच्चीवरून लुबनाने ते ऐकले. लुबना गाते आणि तिचा भाऊ शारिक गिटार वाजवतो. (त्यांच्या वडिलांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे, आई अमीरबी मला पाहिले की आधी जेवायला वाढते आणि मग नाव विचारते. हे दर वेळी.) ढोल आणि हलगी अश्वजितकडे. हे तिघे जात्यावरची गाणी रॉकच्या ठेक्यावर बसवतात, म्हणून बँडचे नाव 'जातं'. गाणे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका शोधत ते माहूरच्या पायथ्यापर्यंत हिंडले आहेत. तिने तालमीला बोलावले, तेव्हा पहिल्या दिवशी मी दारातच उभी राहून, आपल्याला बोलता येत नाही, असे बोलू लागले. शारिक म्हणाला, "बोलू नको ना बाई. बोलणारे आमच्याकडं लई हायत. तू नुस्तं वाजव." इतके सभ्य आमंत्रण मला कोणी दिले नव्हते. लुबनाची तक्रार एकच होती: "ऋतू, वाजवून राहिलीस का पाढे म्हणून राहिलीस?" तिचे म्हणणे रास्त होते. सुधारायला आठ महिने लागले.

आता लातूरची हकीकत. तीत एक तांत्रिक मुद्दा आहे, तो आधी नमूद करते. एक बाजा एकाच पट्टीत वाजतो. गाण्याची पट्टी बदलली की बाजा बदलावा लागतो. म्हणून माझ्याजवळ आता सहा आहेत. ते मी दहावीच्या कंपास पेटीत, वर पट्टीच्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवते. गेल्या रविवारी लातूरच्या एका क्लासच्या स्नेहसंमेलनात आम्हाला बोलावले होते. हा तोच क्लास, ज्याच्या चौकातल्या फलकावर माझा फोटो टक्केवारीसह दोन वर्षे उन्हात उभा होता. मला वाटले, तोंडावर बाजा असल्यावर कोण ओळखणार. तिसऱ्या गाण्यात माझा एकटीचा तुकडा आला, आणि नेमके तेव्हा संचालक सरांनी मला ओळखले. ते गाणे चालू असतानाच मंचावर आले आणि सत्कार सुरू केला. आपल्याकडे सत्काराला काळवेळ नसते, हे आपण मुख्याध्यापक या नात्याने जाणताच. खांद्यावर शाल आली, काखेत नारळ आला, आणि फेटा बांधणाऱ्या गृहस्थांनी घाईघाईत दोन्ही कानांसकट माझे डोके बांधून टाकले.

मला काहीच ऐकू येईना. शालीखाली चाचपून मी पुढच्या गाण्याचा पांढरी एक पट्टीचा बाजा काढला, तो निघाला पांढरी सहाचा. मी तो पूर्ण निष्ठेने वाजवला. अश्वजितचे काही बिघडले नाही, कारण ढोलाला पट्टी नसते. पण शारिक गिटारवर माझा पाठलाग करू लागला आणि लुबना शब्द तेच ठेवून सूर शोधीत राहिली. मी कानांवर फेटा घेऊन, काखेतला नारळ सांभाळत, शांतपणे पुढे निघून गेले होते. शेवटी ते दोघे मला येऊन मिळाले तेव्हा सभागृहात मुले बाकांवर उभी होती. त्यांना वाटले, हे असेच बसवलेले आहे.

मग सरांनी माझा फेटा कानांवरून वर सरकवला, ध्वनिक्षेपक पुढे केला आणि यशाचे रहस्य दोन शब्दांत सांगायला सांगितले. पाय गार पडले. चपला दिसू लागल्या. मी पुन्हा बाजा तोंडाला लावला आणि आजीकडून ऐकलेली एक ओवी वाजवली. पाठ केलेली नव्हती, मामा. वहीत ती कुठेही नाही. ज्या मुलांना सकाळपासून सात वक्त्यांनी उपदेश केला होता, त्यांनी या भाषणाला सर्वांत जास्त टाळ्या दिल्या.

हे सर्व कोणीतरी मोबाइलवर टिपले आणि ते परवा संध्याकाळी अप्पांच्या केळी उत्पादकांच्या गटावर येऊन पोचले. अप्पा मोबाइलचा आवाज कायम बंद ठेवतात. त्यांचा फोन आला: "सत्कार चालू असताना कणीस खातेत का गं? चार माणसं काय म्हणतील?" कणीस नव्हे, हे सांगावे लागले, आणि त्यापाठोपाठ बाकीचे सगळे सांगावे लागले. त्याच चित्रफितीमुळे 'जातं'ला सात गावांचा दौरा मिळाला आहे: बारा दिवस, शेवटचा कार्यक्रम हैदराबादेत. लुबना आणि अमीरबी सोबत आहेत. गाडी आज दुपारी दोनला निघते. मी गेले नाही तर माझी जागा मोकळी ठेवून वाजवू, असे लुबना म्हणाली. ती मोकळी जागा मला आत्तापासून ऐकू येते. अप्पा शेवटी म्हणाले, "मामा हाव म्हणले तर जा. न्हाई म्हणले तर पुस्तक धर."

मामींस नमस्कार. गुडघ्याची काळजी घ्यावी.

आपली आज्ञाधारक भाची,
ऋतुजा

ता. क. : पत्र पोस्टाने वेळेत पोचले नसते, म्हणून चारही पानांचे फोटो शिवशंकरदादाच्या मोबाइलवर पाठवीत आहे. तो मोठ्याने वाचून दाखवील. ताजा कलम आधी वाचावा, हे मी पहिल्या पानावर लिहायला हवे होते.

ता. क. २ : आपली परवानगी मागण्याचा हेतू या पत्रात नाही. आपण "वाजव" म्हणालात, असे मी अप्पांना कालच सांगून टाकले आहे. ते अक्षरशः खरे आहे. साल त्यांनी विचारले नाही.

ता. क. ३ : खात्री करायला अप्पा आपणांस सकाळी ठीक आठ वाजता फोन करतील. आपण नवे काहीच म्हणू नये. तेव्हाचेच वाक्य म्हणावे. 'अभ्यासाचा' हा शब्द वगळला तरी चालेल.

पाठवले : रविवार, दि. १४ डिसेंबर २०२५, सकाळी ७ वाजून ५३ मिनिटे.