दाजींच्या व्हॅनमधली पेटी

२४ नोव्हेंबर २००२, रविवार

दाजी आले! मी वायरिंगच्या दुकानाचं शटर वर करतोय तोच दारात व्हॅन उभी. आत बारा इंची दोन वूफर, आवाज वाढवायला पुण्याहून आणलेला जुना अॅम्प, आणि दाजींच्या तोंडावर ते जावयाचं हसू. लग्नसराई लागलीय, वऱ्हाडाची भाडी मिळतील, म्हणून गाडीत आवाज पाहिजे. "शिरूरात वाजवलं की निमोण्यात ऐकू गेलं पायजे, संपतराव." एरवी मी संपत्या. काम असलं की संपतराव.

पेटीचं माप स्वतःच घेऊन आलेले. दोन वूफरला लागते त्याच्या दुप्पट पेटी! मधे फळी मारायची, मागच्या अर्ध्या भागाला कडीचं दार. म्हटलं, दाजी, हे कशाला? "सामान ठिवाया." असेल. जावयाला किती विचारायचं?

२७ नोव्हेंबर

पेटी बसली. मागच्या भागावर अॅम्प स्क्रूने पक्का केला. आता खरं डोकं जोडणीचं. दोन्ही वूफरचा अडथळा चार-चार ओहम. एकामागे एक जोडले तर आठ — आवाज दबका, पण अॅम्प थंड. शेजारी-शेजारी जोडले तर दोन — दणका जबरदस्त, आणि अॅम्पचा तवा! अॅम्पच्या पाठीवर छापलंय, चारच्या खाली जाऊ नका. मी आठवर जोडले. बॅटरीजवळ फ्यूज घातला.

दाजींनी ऐकलं आणि तोंड वाकडं. "ह्ये तर भजनावानी वाजतंय रं." आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

३० नोव्हेंबर

समोरच्या एसटीडीवर ताईचा फोन. "संपत, त्यांच्या मनासारखं करून दी रं." बास, एवढंच. म्हाळसाताई अशी हळू बोलते तेव्हा मला नाही म्हणता येत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणे, "जावयाचं मन मोडू नगं. मोडशील तू आन् भोगंल ती."

१ डिसेंबर

दोनवर जोडले. केलं एकदाचं! व्हॅनच्या काचा थरथरल्या, शेजारचा पंक्चरवाला शिव्या देत बाहेर आला. दाजी खूश, माझ्या पाठीत थाप. जरा वेळाने अॅम्पला हात लावला तर चटका बसला. सांगितलं — आवाज अर्ध्यावर ठेवा. फ्यूज उडाला तर तसलाच घाला, दुसरं काही घालू नका. "व्हय व्हय." दाजींचं व्हय म्हणजे न्हाई.

९ डिसेंबर

फ्यूज परत उडाला. सारखा उडतोय. नवा घालायला व्हॅनचं दार उघडलं आणि वास आला. गॅसचा! पेटीच्या मागच्या दाराची कडी काढली. आत लाल टाकी, घरातली, आडवी घातलेली. तिथून नळी थेट इंजिनाकडे. म्हणून पेटी मोठी! पेट्रोल परवडत नाही म्हणून गाडी गॅसवर, आणि पोलिसांना टाकी दिसू नये म्हणून माझ्या वूफरचा आडोसा. वर तापणारा अॅम्प मीच बसवलेला.

म्हटलं, दाजी, अॅम्प काढतो. माझा हात झटकला. "अर्ध्या तालुक्याच्या गाड्या गॅसवर पळत्यात. तुलाच लई कळतं का? पेटीला हात लावलास तर तुझ्या भनीला माघारी आणून सोडीन." मागे दोन पॅसेंजर बसलेले होते. त्यातली एक बाई तान्ह्या पोराला घेऊन. फ्यूज घातला आणि गाडी जाऊ दिली. भित्रा आहे मी.

१० डिसेंबर

आईला सांगितलं नाही.

१५ डिसेंबर

निमोण्याला ताईच्या घरी जाऊन आलो. दाजी भाड्यावर गेलेले. ताईने भाकरी टाकल्या. बांगड्या मागे सरकल्या तर मनगट काळंनिळं. "दार लागलं." दार! फ्यूज उडून गाणं बंद पडलं की त्या दिवशी घरातलं दार लागतं, एवढं मला न सांगता कळलं. म्हटलं, चल माझ्याबरोबर वरवंडला, आईकडे. तर म्हणते, "आन् आईनं जगाला तोंड कसं दावायचं?"

टाकीचं सगळं सांगितलं. त्या गाडीत बसू नकोस म्हणालो. तिने विचारलं, "फ्यूज म्हंजी नेमकं काय रं?" मी सांगितलं — जास्त करंट आला की तो आधी वितळतो, म्हणून वायर वाचते. तो उडतोय म्हणूनच सगळे जिवंत आहेत. "आन् न्हाई उडला तर?" तर वायर पेटणार, आणि शेजारी टाकी. "कुठं असतोय त्यो?" तेही सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि ताटात आमटी वाढली. बरी झाली होती आमटी.

२१ डिसेंबर

दाजी फ्यूज घ्यायला फिरकलेच नाहीत. चैन पडेना. शेवटी मीच त्यांच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. दाजी लाइनवर आले ते खुशीत! "आता कसं झ्याक वाजतंय, बंदच पडत न्हाई!" फ्यूज आपोआप सुधारत नसतो. म्हटलं, कुणी फ्यूजऐवजी तार घातली का त्यात? "मी कशाला घालू? तुझं काम सुधारलं म्हण की." गाडी लावून ठेवा, उद्या सकाळी येतो, म्हणालो. हसले आणि फोन ठेवला.

२२ डिसेंबर

गेलो तर व्हॅन वऱ्हाड घेऊन गेलेली. ताई अंगणात धुणं वाळत घालत होती. मी आल्याचं बघितलं आणि पुढचं कापड पिळायला घेतलं. संध्याकाळपर्यंत बसलो. मग बातमी आली. न्हावऱ्याच्या अलीकडे व्हॅन पेटली. वऱ्हाड उतरवून दाजी एकटेच परत येत होते. लोक धावले, पण दार उघडलं नाही. लांबूनही गाणं ऐकू येत होतं म्हणतात.

२४ डिसेंबर

दाजींची माती झाली. सगळे माझ्याकडे बघत होते — वायरिंग याचं! हवालदाराने जळका फ्यूजहोल्डर दाखवला. आत तांब्याची तार, नीट पीळ घातलेली. "नवनाथनंच घातली आसंल," दाजींचं नाव घेऊन कुणीतरी म्हणालं. हवालदार म्हणाला, "का तुम्ही?" परवा जबाबाला बोलावलंय.

२५ डिसेंबर

ताई आज बोलली. "तार मी घातली. तू सांगितलं हुतंस त्ये समदं ध्यानात ठिवून घातली." तीन-चार दिवस गाडी पॅसेंजर घेऊन फिरली, त्यांचं काय, हे मला विचारता आलं नाही. तिच्या हातावरचे वळ आता पिवळे पडायला लागलेत.

उद्या चौकीत जातोय. तार मी घातली, असं सांगणार आहे.