दाराशी उभी असलेली बाई

३ मार्च

माझं बोलणं मला न विचारता उचललं! या घरात आता माझी जीभसुद्धा माझी राहिली नाही.

नातीला जाहिरात कंपनीत मजकूर लिहायची नोकरी हवी आहे. तिथले म्हणाले, आधी चार ओळींत काहीतरी विकून दाखव. म्हणून ही मोबाइलवर दुसऱ्याचा माल खपवते. माल हिचा नाही, दुकान हिचं नाही. नुसतं लिहायचं आणि खाली लिंक द्यायची. लिंक दाबून कोणी घेतलं की हिला कमिशन. सध्या दाराला लावायची कॅमेरावाली बेल आहे. पहिला मजकूर होता 'आधुनिक सुरक्षेचा विश्वास'. कुत्रं विचारेना.

काल मी सून आणि नात, दोघी मायलेकींवर तोंड सोडलं होतं — कानात ती गाण्यांची बोंडं घालून बसता, भर दुपारी दाराशी कोणी बाई येऊन उभी राहिली तरी तुम्हाला पत्ता नाही. झालं! आज तीच बाई जाहिरातीत. हिने तिला राखाडी कपडे घातले, केस ओले केले. वाचून दाखवते म्हणाली. म्हटलं, माझंच मला काय ऐकवतेस. बारीक अक्षर मला दिसत नाही आणि ऐकायला वेळ नाही.

६ मार्च

बेल खपते आहे. पोरगी घरभर नाचते.

आता म्हणे मजकूर दोन केले. अर्ध्या लोकांना एक दिसतो, अर्ध्यांना दुसरा. एकात बाई नुसती उभी राहते. दुसऱ्यात ती एकदाच बेल वाजवते. बाकी सगळं सारखं. कोणता जास्त चालतो ते बघायचं. माणसं काय वांगी आहेत, टोपली हलवून बघायला?

९ मार्च

खालच्या शिंप्यानेही बेल घेतली. जिन्यात नातीला थांबवून विचारलं, जाहिरातीतली बाई कोण आहे? ही म्हणाली, कोणी नाही, मनातून लिहिली. तो कसनुसा हसला. म्हणाला, काल दुकानाच्या दारात उभी होती. केस ओले.

पाऊस कुठे आहे या दिवसांत!

मी म्हटलं, दिवसभर सुईत डोळे घालून बसतो, त्याला काय काय दिसेल. नात हसली नाही.

११ मार्च

लोक लिहून पाठवतात. वेगवेगळ्या गावांतले. एकमेकांना ओळखत नाहीत. सगळ्यांच्या दाराशी तीच.

नात सकाळपासून कोणी कोणता मजकूर वाचला ते जुळवत बसली होती. दुपारी माझ्याजवळ येऊन खाली बसली. ज्यांनी पहिला वाचला त्यांच्याकडे बाई नुसती उभी राहते. ज्यांनी दुसरा वाचला त्यांच्याकडे बेल वाजते. एकदाच. उलट कुठेच नाही.

"आजी, मी जे लिहिलं तेच होतंय गं."

म्हटलं, पुसून टाक. म्हणाली, सकाळीच पुसलं. पण ज्यांनी वाचलंय त्यांच्या डोक्यातून कसं पुसू?

१२ मार्च

सून दार उघडत नाही. दूधवाल्यालाही दार मीच उघडलं. तिनेही वाचलं होतं — लेकीचं कौतुक!

मला काही दिसत नाही. उंबऱ्याबाहेर पायपुसणं आणि समोरची भिंत.

१४ मार्च

कंपनीने नातीला बोलावलं आहे. खप बघून खूश आहेत. परवा सकाळी जायचं. एवढ्यासाठी मरमर केली, आणि आता ही उंबरा ओलांडत नाही. दोन्ही मजकूर हिनेच लिहिलेले.

मी दार सताड उघडलं. बाहेर जाऊन उभी राहिले, हात पसरून दाखवले. म्हटलं, बघ, कोण आहे? मोकळी जागा आहे!

तिने चौकट घट्ट धरली होती. हळूच म्हणाली, "आजी, आत ये. ती तुझ्या खांद्याला लागून उभी आहे."

मी आत आले. घाबरून नव्हे. खांदा ओला लागला म्हणून.

१५ मार्च

रात्रभर विचार केला. पुसता येत नसेल तर पुढचं लिहावं. सकाळी पोरीला मोबाइल घेऊन बसवलं. मी सांगते ते लिही, शहाणपणा करू नकोस.

'आतून एक म्हातारी आली. तिने दार उघडलं. म्हणाली, काय काम आहे बाई? इथे तुझं कोणी नाही. चल, नीघ. बाई गेली.'

पोरगी म्हणाली, एवढंच? म्हटलं, बाई घालवायला आणखी काय आरती म्हणायची? ज्यांनी ज्यांनी आधीचं वाचलं त्या सगळ्यांना पाठवलं. सुनेला समोर बसवून वाचायला लावलं.

१६ मार्च

गेली! नात दारातून सरळ बाहेर गेली. जिन्यात एकदा थांबली, मागे बघितलं, मग धाडधाड उतरली. नोकरी मिळाली.

मी रडले नाही. कांदा चिरत होते.

२० मार्च

शिंपी आभार मानून गेला. म्हणाला, दुकानात मागच्या बाजूने एक म्हातारी उठून आली, बाईला हाकललं, पुन्हा दिसली नाही. त्याला वाटलं, त्याची मेलेली आई. गावोगावचे लोक हेच लिहितात. कंपनीतले म्हणतात, म्हातारी झकास आहे, आता प्रत्येक जाहिरातीत घ्या. नात लिहीत सुटली आहे — दरवेळी दाराशी बाई, आतून म्हातारी.

मी म्हटलं, बघा, आमच्या वयाला मागणी आहे.

२६ मार्च

पाय फार दुखतात. दुपारची खुर्चीत डुलकी घेते, पण उठते ती थकून. तळवे मळलेले. आज हाताला गंज होता, कडीचा असतो तसा. आमच्या दाराला कडी नाही.

सून विचारत होती, आई, दुपारी कुठे गेला होतात? खुर्ची रिकामी होती.

२९ मार्च

आज वाटेतच जाग आली. अनोळखी स्वयंपाकघर, चुलीवर कोणाचं तरी दूध, आणि मी दाराकडे चाललेली. बाहेर राखाडी बाई. पहिल्यांदाच पाहिली. तिने मला आधीपासून ओळखत असल्यासारखी मान हलवली. मागे घरातली माणसं ढिम्म बसून. एकजण दुसऱ्याला म्हणाला, उठू नकोस, म्हातारी जाते आहे ना.

नात कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी लिहायला बसवणार आहे. सगळ्यांना पाठव म्हणावं, एकही सोडू नकोस — यापुढे ज्याच्या घरची बेल वाजेल, त्यानेच उठायचं. मला बोलवायचं नाही.