जहाजावरचा मधला बिछाना

तीर्थस्वरूप दादा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो कागदावरच घालते आहे.) तुझा खोकला कसा आहे? औषध घेतोस, की सुनेला दाखवायला नुसता चमचा ओला करतोस? मी ठणठणीत आहे. डाव्या कुशीवर वळता येत नाही एवढंच, आणि त्याला जबाबदार तू आहेस.

वहिनी गेल्यापासून 'माझ्याकडे राहायला ये' असं लिहून लिहून माझं पेन झिजलं. आता कुठे तुझं उत्तर आलं, तेही एका ओळीचं: तुझी मागची खोली मला अपुरी पडेल. अपुरी! ज्या खोलीत दिवाण, कपाट, टेबल आणि वर माझं शिवणयंत्र मावतं, ती एका माणसाला अपुरी! तू कुठला राजा लागून गेलास? म्हटलं, हा मनुष्य उमेदीची सगळी वर्षं जिथे झोपला ती जागाच एकदा डोळ्यांनी बघावी. तुझी युद्धनौका आमच्या धक्क्याला कायमची बांधून तिचं संग्रहालय केलंय, हे तुला माहीत आहेच. तिकीट काढलं आणि गेले.

पहिला अपमान शिडीवर झाला. जहाजात खाली उतरताना म्हणे तोंड शिडीकडे आणि पाठ जगाकडे करायची. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला लोकांना पाठ दाखवत कुठेही जायला शिकवलेलं नाही. मी चारचौघींसारखी सरळ उतरायला लागले. मध्यावर पर्स कठड्यात अडकली, मी पर्सला अडकले, आणि खालून गाइड (जाड मिशा, आवाज भोंग्याचा) ओरडला, "आजी, उलट्या वळा!" आजी! माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल मेला. मी वळले, पण मनापासून नाही.

खाली तुझी ती सुप्रसिद्ध खोली. दादा, त्याला खोली म्हणतात? त्यापेक्षा माझी जिन्याखालची केरसुणीची जागा ऐसपैस आहे. साखळ्यांनी टांगलेले एकावर एक तीन बिछाने, रुंदीला इस्त्रीच्या टेबलाएवढे. तुझा मधला, नाकावर वरच्याचा भार आणि उशाशी लोखंडी पाइप. (तुझ्या कपाळावरची खोक त्या पाइपाची आहे तर! आम्हाला तू वादळ सांगितलं होतंस.) वर आणि खाली एकेक मेणाचा खलाशी झोपवला आहे. मधला तेवढा रिकामा. पुढे दोरी बांधली होती, पण दोरी परक्यांसाठी; सख्ख्या बहिणीला कसली दोरी? मिशा पुढच्या खोलीत गेल्याबरोबर मी पर्स पोटाशी धरून आडवी झाले. म्हटलं बघू, माणूस मावतो का.

मावतो. निघत मात्र नाही.

गुडघा वर घ्यावा तर वरचा खलाशी, पाय बाहेर काढावा तर साखळी. हाक मारणार तोच शाळेची सहल आत शिरली. आता पोराटोरांपुढे 'मला काढा हो' म्हणून गळा काढायचा? मी डोळे मिटून निपचित पडून राहिले. (प्रार्थनेत न हलण्याचं बक्षीस शाळेत दरवर्षी मला मिळायचं. तुला कसलंच मिळालं नाही.) दोन वेण्यांची एक चिमुरडी अगदी कानाशी येऊन म्हणाली, "बाई, हिला पर्स का दिलीय?"

"खलाशाची आई असेल," बाई बेधडक म्हणाल्या. "भेटायला आली असेल."

तुझी आई! मी! तेही गिळलं. पण पुढे त्या हळहळून म्हणाल्या, "बघा मुलांनो, बिचारे किती हालात राहायचे." मग मात्र मला राहवेना. डोळे न उघडता म्हटलं, "हाल कसले? माझा भाऊ इथे मजेत राहिला. माझ्याच घरी त्याला जागा पुरत नाही!"

दादा, काय त्या किंकाळ्या! सगळ्यांत मोठी बाईंची. चिमुरडी तेवढी जागची हलली नाही. म्हणाली, "मग आता तो कुठे राहतो?" मी पर्स उघडून तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली.

मिशा दोन रखवालदार घेऊन धावत आल्या आणि त्यांनी अडकलेला खण ओढावा तसं मला बाहेर ओढलं. आधी दंडाची भाषा होती. कोणाची बहीण ते सांगितल्यावर स्वतःच्या स्टुलावर बसवून चहा पाजला. म्हणाले, भावाला घेऊन या, इथल्या खऱ्या गोष्टी सांगणारं कोणीतरी हवंय. मी म्हटलं, भाऊ आणते, खऱ्याचं बघा तुमचं तुम्ही.

तेव्हा तुझी सबब रद्द. माझ्या दिवाणावर तुझ्यासारखे दोन मावतील, आणि वर कोणी झोपत नाही. सक्ती नाही हं. तिथे सुनेच्या हातचं पथ्याचं गोड लागत असेल तर खुशाल राहा. मला एकटीला छान करमतं.

तुझी धाकटी (आई नव्हे) बहीण

ता. क. मागच्या खोलीतलं शिवणयंत्र पुढे आणलं आहे. तुझ्यासाठी नव्हे. पुढे उजेड बरा आहे.

दुसरा ता. क. दाराची घंटा बंद पडली म्हणून परवा दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने बटण दाबलं तर खणखणीत वाजली. म्हणाला, बिघाड काही नाही आजी, कोणी वाजवत नाही एवढंच. 'आजी' म्हटल्याबद्दल त्याला झापायचं राहूनच गेलं. तू येशील तेव्हा दार उघडं दिसलं, तरी घंटा वाजव.