दोन्हीकडे, नाहीतर कुठेच नाही

मंगळवार, ४ फेब्रुवारी
आर्डिथबाई आणि ऑरिन यांचं लग्न आज तिसऱ्यांदा पुसलं गेलं — माझ्याच प्रोग्रॅमने. शनिवारी चर्चमध्ये लागलंय. पण नोंद जिल्ह्याच्या आणि राज्याच्या अशा दोन्ही डेटाबेसमध्ये व्हावी लागते. राज्याकडची फसली की प्रोग्रॅम आमची, जिल्ह्याकडचीही मागे घेतो. अर्धवट लग्न नको म्हणून. नियम मीच लिहिला, मोठ्या ऐटीत.

दोघंही अठ्ठ्याहत्तरचे. दाखला नसेल तर वृद्धाश्रम एकत्र खोली देणार नाही, आणि ती शुक्रवारपर्यंतच राखून ठेवलीय.

"सावकाश कर पोरी," बाई म्हणाल्या. "फार सावकाश मात्र नको. याचा काय भरवसा!"

"मी आहे," ऑरिन म्हणाले. "हिची बोलणी खायला कोणीतरी हवंच ना."

जाताना रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा डबा ठेवून गेल्या. वर काम माझंच बिघडलेलं.

बुधवार, ५
पुन्हा पाठवलं. पुन्हा परत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
विवाहनोंदणीच्या खिडकीवरचा लाइल सकाळी म्हणाला, "नुसतं दार वाजवत बसलीयस. आतून 'नाही' म्हणतायत का, ते ऐकलंस?"

नव्हतं ऐकलं. कुठलीही नोंद फसली की लाइन तुटली असेल असं धरून प्रोग्रॅम तेच परत पाठवतो. राज्याने दिलेलं कारण जपून ठेवायची सोयच मी केली नव्हती. आज केली. पाठवलं. कारण आलं — दोघंही आधीच विवाहित.

कोणाशी? एकमेकांशी. १९७१ साली.

बाईंना फोन केला. "हो, तेव्हा झालं होतं. अठ्ठ्याऐंशीत काडीमोड घेतला. तो बोलायचा नाही आणि मी थांबायची नाही." म्हणजे घटस्फोटाची नोंद राज्याकडे पोचली नसणार. आधी ती चढवायची, मग लग्न. कोर्टाकडे आदेशाची प्रत मागितलीय.

शुक्रवार, ७ — सकाळी
कोर्टाने जुनी फाइल काढली. अर्ज आहे, दोघांच्या सह्या आहेत. आदेश नाही. शेवटच्या तारखेला दोघंही आले नाहीत म्हणून प्रकरण बंद केलेलं. म्हणजे पहिलं लग्न मोडलंच नव्हतं. १९७१चा दाखला एका झटक्यात छापून निघाला.

शुक्रवार, दुपारी
खोली मिळाली. बाईंनी दाखला ऑरिनपुढे धरला. मग म्हणाल्या, "मी गेलेच नव्हते रे त्या दिवशी. वाटलं, तू जाशील."

ऑरिन म्हणाले, "मलाही वाटलं, तू जाशील."

सदतीस वर्षं.