सात नंबरवरचा डाग

ती. मामा,

झालं ते असं:

१. तुमच्या गोल्फच्या काठ्यांपैकी सात नंबरच्या आयर्नची मुठीवरची ग्रिप सैल झाली होती. ती बदलण्यासाठी तुम्ही तो क्लब माझ्याकडे दिलात.
२. मी ग्रिप बदलली.
३. ग्रिप बदलून झाल्यावर मी थांबले नाही.
४. स्पर्धेच्या सकाळी तुमच्या सगळ्या मित्रांसमोर मी क्लब परत दिला आणि भाषण केलं.
५. तुम्ही एक चेंडू मारलात. तो दाताच्या डॉक्टरांच्या गाडीवर पडला.
६. तुम्ही क्लब चहाच्या खोलीत टेबलाला टेकवून ठेवलात आणि घरी गेलात. तेव्हापासून तुम्ही मैदानावर गेलेला नाहीत, आणि येत्या शनिवारी अख्खी बॅग डॉक्टरांना देऊन टाकणार आहात, असं मामीकडून कळलं.

आता सादर नमस्कार. (तो आधी लिहिला असता तर तुम्ही पत्र तिथेच मिटून ठेवलं असतं.) तुमची पाठ कशी आहे? मामीचा गुडघा? फोनवर विचारलं असतं, पण मी फोन केला की मामी म्हणते, "ते बाहेर गेलेत गं," आणि मागून तुमचा आवाज येतो, "सांग तिला, उशिरा येणार आहेत." म्हणून लिहिते आहे.

तिसऱ्या मुद्द्याचा खुलासा करणं भाग आहे. आमच्या कारखान्यात आयर्नची डोकी ओतून करत नाहीत, ठोकून करतात, हे तुम्हाला मी इतक्यांदा सांगितलं आहे की मामी झोपेतसुद्धा ते म्हणून दाखवेल. मऊ पोलादाची कांब नारंगी होईपर्यंत तापवायची, साच्यात ठेवून वरून घण घालायचा, बाजूला आलेली जादा कड कापायची, मग घासायचं. डोक्याची पाठ कुठे जाड, कुठे पातळ, तळ किती गोल, हे ठरवणं माझं काम. पोलाद मऊ असल्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, डोक्याची मान थोडी वाकवून कोन बदलता येतो. दोन, त्याच्यावर डाग पडतो. यातली पहिली गोष्ट मी गुण म्हणून शिकले आणि दुसरी अवगुण म्हणून. (परीक्षेत मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते.)

तुमचा सात नंबर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. त्याच्या सपाट बाजूवर, मधोमध नाही, जरा टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, नाण्याएवढा करडा डाग होता. तिथला मुलामा उडालेला, रेघा बुजलेल्या. गप्पा मारताना त्या जागेवर अंगठा फिरवायची तुमची सवय मी लहानपणापासून पाहत आले आहे. मला वाटायचं, तुम्ही धूळ पुसता.

तर मी सगळा मुलामा उतरवला. डाग जाईपर्यंत ती बाजू घासली. रेघा नव्याने कापल्या. मान मोजली, तर कोन दोन अंशांनी चुकलेला निघाला. तो मी सरळ केला. शेवटी नवा मुलामा दिला. आमचे पॉलिशवाले काका म्हणाले, "गिऱ्हाईकाने सांगितलंय का एवढं?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक नाही, मामा आहे." या उत्तराने त्यांचं समाधान झालं. माझंही झालं, हे जास्त वाईट.

भाषणाबद्दल मला लिहायचं नव्हतं, पण टाळणं बरोबर दिसणार नाही. पडद्यावर मी दोन फोटो लावले होते, आधीचा आणि नंतरचा. आधीच्या फोटोत तुमच्या डागाकडे लाल बाण होता आणि बाणाच्या शेपटाशी 'दोष' असं लिहिलेलं होतं. अक्षर मोठं होतं, कारण मागच्या रांगेतल्यांना दिसायला हवं. मग मी क्लबवरचा टॉवेल ओढला. (टॉवेल नवा होता. मी त्याला इस्त्री केली होती.) दाताचे डॉक्टर म्हणाले, "अहो, म्हाताऱ्याला कवळी बसवलीत की!" सगळे हसले. मीही हसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुम्ही तेव्हा खाली बघत होतात आणि कदाचित तुम्हाला दिसलं नसेल. तुमचा अंगठा त्या जागी गेला आणि घसरला. तुम्ही विचारलंत, "इथलं कुठे गेलं?" मी म्हटलं, "काढून टाकलं!" पोराला नोकरी लागल्याची बातमी द्यावी, तसा माझा आवाज होता.

आता गाडीचं. तुमचा नेम चुकला नव्हता. जुन्या कोनामुळे तुमचा चेंडू कायम डावीकडे जायचा, म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं थोडं उजवीकडे वळून उभे राहता. मी क्लब सुधारला. तुम्हाला सुधारायचं राहून गेलं. तुम्ही नेहमीसारखे उभे राहिलात, चेंडू क्लबचं ऐकून सरळ गेला, आणि त्या सरळ रेषेत डॉक्टरांची गाडी होती. त्यावर कुणीतरी ओरडलं, "वा, आता दात पाडायला सुरुवात!" तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझ्यामुळे तुमचं तुमच्याच माणसांत हसू झालं. मी मात्र चेंडूच्या उड्डाणाचा कोन बघत होते. तो उत्तम होता.

चहाच्या खोलीतून क्लब मी घेऊन आले. कोन मी परत वाकवून ठेवला आहे. तुमचा चुकीचा कोन आता पूर्वी होता तितकाच चुकीचा आहे, तीनदा मोजला. मुलामाही उतरवला. डागाचं मात्र जमलं नाही. प्रयत्न केला, तेही सांगते. वेगळ्या एका डोक्यावर, चेंडू झाडायच्या आमच्या यंत्रातून, ओल्या वाळूत बुडवलेले चेंडू आठवडाभर एकाच जागी मारले. डाग पडला. गोल, कंपासने काढल्यासारखा, दिसायला अगदी खोटा. तुमचा तसा नव्हता. टाचेकडे लांबलेला, कडेला विरत गेलेला. यंत्राची पाठ दुखत नाही, त्याला घरी लवकर जायचं नसतं, बरोबरच्या माणसाने टोमणा मारला म्हणून त्याचा हात हलत नाही. तो आकार माझ्याकडे फोटोत आहे, आणि त्याच्या शेजारी माझ्या हाताने लिहिलेला शब्द आहे. मी तुमची वस्तू बिघडवली, आणि वर कौतुकाची वाट बघत उभी राहिले. मला लाज वाटते.

मामीला नमस्कार. पाठीला शेक घेत जा.

तुमची भाची

ता. क. डॉक्टरांच्या गाडीचा चेपलेला टप मी स्वतः आतून ठोकून सपाट केला. (आधी विचारलं.) ते म्हणाले, "तुझ्या मामाला बोलू नकोस, पण मला ती बॅग घेऊन काय करायचंय? तो आला नाही तर मी भांडू कुणाशी?" त्यांनी बोलू नकोस म्हटलं होतं, म्हणून मी लिहिलं.

ता. क. २. भाषणानंतर त्यांनीच मला विचारलं होतं, "तू स्वतः किती खेळतेस?" मी म्हटलं, "मी डिझाइनकडे असते." खरं उत्तर असं, की मी आयुष्यात एकही चेंडू मारलेला नव्हता. परवा मारला. तुमच्याच सात नंबरने, कारखान्याच्या मागच्या अंगणात. अंगणात खडी आहे. चेंडू जागचा हलला नाही, खडा उडाला, आणि तुमच्या क्लबवर, मानेजवळ, जिथे काहीही लागायला नको, तिथे एक खाच पडली. पॉलिशचा पट्टा चालूच होता. एका मिनिटात ती गेली असती. मी पट्टा बंद केला.

म्हणून दोन प्रश्न. रविवारी मला मारायला शिकवाल का? आणि ही खाच घासून काढू, की राहू दे?

शनिवारच्या आत क्लब बॅगेत ठेवायचा की नाही, ते मला ठरवावं लागेल. कृपया गुरुवारपर्यंत उत्तर द्या.